पानाची मोजणी

कंडक्टर निवृत्त झाली तेव्हा डेपोने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते मागे पडायचं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. जन्मभर वेळापत्रकामागे धावल्यावर घरात एक तरी वस्तू निवांत असावी, असं तिचं मत होतं. नवरा तिच्याच बसचा ड्रायव्हर. लग्नाआधी ती घंटी मारायची आणि तो गाडी हलवायचा. लग्नानंतरही कारभार तसाच चालला, फक्त घंटी लागेनाशी झाली.

निवृत्तीनंतर लोक बाग करतात, गुडघे दाखवायला दवाखान्यात जातात, सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. कंडक्टरला बाग नव्हती, गुडघे ठणठणीत होते आणि सून परगावी होती. म्हणून ती डेपोमागच्या गल्लीत आत्याकडे जाऊन बसू लागली, आणि तिथेच सगळं सुरू झालं.

आत्या लेस विणायची. सुईची नाही, क्रोशाचीही नाही, उशीवरची. मांडीवर भुसा ठासून भरलेली गोल उशी, तिच्यावर भोकं पाडलेला पुठ्ठा, भोकांत टाचण्या, टाचण्यांना अडकवलेले दोरे आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला लाकडाची एक काडी. काड्यांची जोडी उचलायची, डावी उजवीवर टाकायची, टाचणी रोवायची. "एवढंच तर आहे," असं आत्या म्हणायची, आणि शिकायला आलेल्या पोरी आठवडाभरात रडत घरी जायच्या.

एके काळी त्या गल्लीत दारोदार अशा उश्या होत्या. या बायका आकडे मोजत नसत. बहुतेकींना आकडे येतच नव्हते. त्या बोलून मोजायच्या. प्रत्येक नमुन्याचं तालात म्हणायचं एक बोलणं होतं, त्याला त्या मोजणी म्हणत. अमक्या शब्दाला काडी फिरवायची, तमक्या शब्दाला टाचणी. आईकडून लेकीकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे असं ते चालत आलेलं. कागदावर त्यातलं अक्षर नाही.

त्या हिवाळ्यात गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या पाठोपाठ गेल्या. त्यातल्या एकीचा गोगलगाईचा नमुना होता, तो सगळ्या गल्लीत तिलाच यायचा. तिच्या सुनेने पुठ्ठा आत्याला आणून दिला. आत्याने तो उशीवर लावला, काड्या जोडल्या, पुठ्ठ्याकडे पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं आणि काड्या खाली ठेवल्या.

"काय झालं?" कंडक्टरने विचारलं.

"भोकं आहेत. बोलणं गेलं तिच्याबरोबर. आता ही काय गोगलगाय? वाळवी लागलेला पुठ्ठा आहे नुसता."

"मग बाकीच्या मोजण्या कुणाला येतात?"

"मला येतात त्या मला येतात. उरलेल्या बायका पांगल्या कुठं कुठं. कुणी लेकीकडं, कुणी मुलाकडं. आता ज्या त्या आपापल्या गोळ्या मोजत असतील."

कंडक्टर घरी आली ती ठरवूनच. पांगलेल्या एकेका म्हातारीकडे जायचं, मोजण्या ऐकायच्या, उतरवून घ्यायच्या, आणि गल्लीतल्या लेसचा इतिहास लिहायचा. त्या म्हाताऱ्या जायच्या आत.

"इतिहास?" ड्रायव्हर म्हणाला. "तू?"

"का? मी नाही लिहू शकत?"

"तसं नाही. इतिहासवाले मी टीव्हीवर पाहिलेत. त्यांना दाढी असते."

"येईल हळूहळू," कंडक्टर म्हणाली. "वय झालंच आहे."

अडचण दाढीची नव्हती, पैशाची होती. निवृत्तांचा पास शहराच्या हद्दीपर्यंत चालायचा आणि म्हाताऱ्या सगळ्या हद्दीबाहेर. पेन्शन आली की छप्पर, औषधं आणि ड्रायव्हरचे दात तिची वाट बघत उभेच असायचे. आवाज टिपायचं यंत्र हवं होतं. शिवाय म्हाताऱ्यांना फुकट बसवायचं नाही, हा तिचा हट्ट. कामाच्या माणसाला बसवून घेतलं तर त्याचा खाडा भरून द्यावा लागतो, हे ती कामगार संघटनेत शिकली होती.

मग ती दारोदार फिरली. वस्तुसंग्रहालयातल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, आमच्याकडे कापड विभाग आहे, पण लेसमध्ये कापड कमी आणि भोकंच जास्त. संगीताच्या कार्यालयात म्हणाले, हे गाणं नाही, याला चाल नाही. भाषेच्या कार्यालयात म्हणाले, ही कविता नाही, हिला विषय नाही. क्रीडा खात्याचं दार त्याच मजल्यावर होतं. कंडक्टर त्याच्यासमोर थोडा वेळ उभी राहिली, मग जिना उतरली.

शेवटी तिला वाट दाखवली ती 'सुट्टे नाहीत'ने. ही कॉलेजातली इतिहासाची बाई. कित्येक वर्षं कंडक्टरच्या बसने ये-जा करायची आणि रोज मोठी नोट काढून म्हणायची, "सुट्टे नाहीत हो." तेच तिचं नाव पडलं होतं. तिने कंडक्टरला स्टाफरूममध्ये बसवलं, चहा दिला, सगळं विचारून घेतलं आणि तीन रविवार बसून अर्ज लिहून दिला. अर्ज इतका चांगला झाला की त्यात आपण काय मागतोय ते कंडक्टरला दोनदा वाचून कळलं.

"पण एक गोष्ट सांगून ठेवते," सुट्टे नाहीत म्हणाली. "असल्या कामाला पैसे देणारी इथे एकच संस्था आहे. व्यापारी शेठच्या नावाची."

"कोणता शेठ?"

"लेसचाच. गल्लीतल्या बायकांना दोरा गजाने मापून विकायचे आणि त्यांचा माल घेऊन बाहेर खपवायचे ना, ते. त्यांचे नातूच आता अध्यक्ष आहेत."

कंडक्टरने कपाळावर हात मारून घेतला नाही, कारण हातात चहाचा कप होता.

संस्थेची इमारत जुनी, स्वच्छ आणि गार होती. आत शिरल्याशिरल्या शेठचं मोठं चित्र. त्याखाली पाटी होती की या गृहस्थांनी शहरात लेस आणली. संस्थेची खूण म्हणून लेसचं पान जिथे तिथे होतं; दारावर, लेटरहेडवर, कपबशांवर आणि हात पुसायच्या रुमालावरसुद्धा. अध्यक्ष मात्र चित्रातल्या आजोबांसारखे नव्हते. बारीक, मऊ बोलणारे, पोटाच्या विकाराने गांजलेले. समोरच्याचं म्हणणं संपेपर्यंत ते खरोखरच ऐकत. कंडक्टरला अशा माणसांची सवय नव्हती, त्यामुळे तिचं बोलणं लवकर संपलं.

"काम चांगलं आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण समितीतल्या लोकांना मोजणी म्हणजे काय हे नुसतं ऐकून कळायचं नाही. पुढच्या बैठकीला प्रात्यक्षिक दाखवा. तुमच्या आत्यांना आणा. काहीतरी विणून दाखवू द्या."

"काहीतरी म्हणजे?"

"काहीही. साधं चालेल."

आत्याला हे सांगितलं तेव्हा गुपचूपही तिथेच होती. गल्लीत उरलेली लेसवाली म्हणजे आत्यानंतर हीच. तिला गुपचूप म्हणत, कारण ते तिला कधी जमलं नव्हतं.

"पान करू की," गुपचूप म्हणाली. "पानासारखं देखणं काही नाही."

आत्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. "त्या माणसासमोर पान?"

पानाची मोजणी कंडक्टरलाही पाठ होती. लहानपणी आत्याच्या पायाशी झोपताना ती तिच्या कानावरून कितीदा गेली असेल:

शेठ आला, शेठ आला,
गज घेऊन शेठ आला,
गज त्याचा वीतभर,
पोट त्याचं हातभर,
मोज शेठ, मोज शेठ,
उरलं ते खिशात, शेठ!

"ही नको," कंडक्टर म्हणाली. "दुसरं काय आहे?"

"पंखा."

"पंख्यात काय आहे?"

"डॉक्टर आणि खानावळवाली."

"ते दोघं काय करतात?"

"टाचण्या बऱ्याच आहेत त्यात," आत्या म्हणाली.

साखळीत शाळामास्तर होता आणि तो विहिरीत पडत होता. कमळात गुपचूपची सासू होती. ते गुपचूपने स्वतः आवडीने म्हणून दाखवलं. शोधता शोधता कुणालाही न लागणारी मोजणी एकच सापडली. लहान पोरींना पहिल्यांदा शिकवतात ती किनार. त्यात एक शेळी भिंतीवर चढते आणि उतरते. बाकी काही होत नाही.

"शेळी," कंडक्टरने निकाल दिला. "फक्त शेळी. आणि गुपचूप, तू तोंड उघडायचं नाही."

"मी कशाला उघडू?" गुपचूप म्हणाली, आणि का उघडणार नाही ते घर येईपर्यंत सांगत राहिली.

बैठकीच्या दिवशी ड्रायव्हरने दोघी म्हाताऱ्यांना आणि दोन्ही उश्यांना रिक्षाने आणलं. समिती लांब टेबलापलीकडे बसली होती. आत्याने खुर्ची खिडकीशी ओढून घेतली, उशी मांडीवर घेतली, अध्यक्षांकडे पाहिलं आणि कंडक्टरच्या कानात म्हणाली, "हा त्याचा नातू? याचं पोट कुठं गेलं?"

"आत्या, शेळी."

शेळी छान झाली. चढली, उतरली. समितीने माना डोलावल्या. टोकाला बसलेले खजिनदार तर टेबलावर बोटाने ताल धरू लागले. कंडक्टरला वाटलं, जमलं बुवा. एवढ्यात खजिनदार पुढे वाकून म्हणाले, "वा! आता आजी, आपलं पान होऊन जाऊ द्या. संस्थेची खूण आहे ती. आजवर कुणी विणताना पाहिलं नाही आम्ही."

"पान जरा वेळखाऊ असतं," कंडक्टर घाईने म्हणाली.

"आम्हाला घाई नाही," अध्यक्ष म्हणाले. खरंच नव्हती.

आत्याने पुठ्ठा बदलला. कंडक्टरने डोळ्यांनी सांगितलं, मनात म्हण. आत्याने ओठ मिटले आणि सुरुवात केली. आता जन्मभर तोंडाने चाललेले हात असे मुकाट्याने कसे चालावेत? पहिली टाचणी जागेवर गेली, दुसरी गेली, तिसरी शेजारच्या भोकात. दोऱ्यांची गाठ झाली. आत्याने उसवलं, परत धरलं, परत तेच. जे उमटत होतं ते पान नव्हतं; पायाखाली आलेलं पान फार तर म्हणता आलं असतं.

गुपचूपला चुकीचं काम बघवत नसे. तिने बराच वेळ खुर्ची घट्ट धरून ठेवली. मग तिच्याने राहवेना.

"अगं, शेठ आला की डावी वर!" ती ओरडली. "शेठ आला, शेठ आला, गज घेऊन..."

आणि आत्याचे हात सुटले. काड्या अशा खडखडायला लागल्या की आत्याचं तोंडही आपोआप उघडलं. दोघींनी मिळून मोजणी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. वीतभर गज, हातभर पोट, खिसा, सगळं. पान पूर्ण झालं. फार सुरेख झालं होतं.

खजिनदारांचं बोट टेबलावर होतं तसंच थांबलं होतं. कंडक्टर उश्या गोळा करायला उठली. आता एवढंच करण्यासारखं होतं.

"बसा हो," अध्यक्ष म्हणाले. ते उघड्या दारातून दिसणाऱ्या आजोबांच्या चित्राकडे पाहत होते. "गज वीतभर, असं आहे का त्यात?"

"जुनं बोलणं आहे साहेब," कंडक्टर म्हणाली. "तालासाठी काहीही घालायच्या बायका."

"नाही, नाही. आमच्या घरी आजोबांचा एक लोखंडी गज आहे. तो लहानच आहे. मी इतकी वर्षं समजत होतो की लहान मुलांचं माप घ्यायचा असेल."



शेवटी खजिनदार खाकरले. काम स्तुत्य आहे, पैसे द्यायला हरकत नाही, पण संस्थापकांचा मान राहिला पाहिजे. मोजणी छापायचीच तर 'शेठ'च्या जागी दुसरा शब्द घालावा. तेवढ्याने काय बिघडतं?

"घालून बघू," आत्या म्हणाली. तिला आता हुरूप आला होता. "सांगा शब्द."

"व्यापारी," खजिनदार म्हणाले.

आत्याने धरलं. व्यापारी आला म्हणेपर्यंत हात दोन टाचण्या पुढे गेले होते. पानाच्या मधोमध मोठं भोक पडलं.

"लांब होतं. आखूड सांगा."

"राव?" दुसरे एक सभासद म्हणाले. हा बराच चालला, पण शेवटच्या ओळीत पानाचं टोक वाकडं आलं. कुणी 'बुवा' सुचवलं. कुणी 'काका' म्हटलं, तर शेजारच्याला ते लागलं, कारण त्याचे काका याच धंद्यात होते. सगळी समिती टेबलामागून उठून खिडकीशी आली. अध्यक्षांनी पाणी मागवलं. इतकी रंगलेली बैठक त्या खोलीने पाहिली नसावी.

"चोर," गुपचूप म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मी आपलं मापाचं सांगते. आखूड शब्द पाहिजे ना? चोर बसेल."

आत्याने चोर घालून विणलं. चोर आला, चोर आला, गज घेऊन चोर आला. काड्या एकदाही अडखळल्या नाहीत. टोक सुईसारखं आलं. आत्याने पान उजेडात धरलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की आजवरच्या पानांत हे सरस आहे.

अध्यक्षांनी ते पान हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच टेबलावर ठेवलं.

"शेठच राहू द्या," ते म्हणाले.

ठराव मंजूर झाला. पैसे मागितले होते त्याहून कमी मिळाले. सुट्टे नाहीत म्हणाली की असंच असतं, म्हणून तिने मुळातच जास्त मागितले होते. चित्राखालची पाटी तशीच राहिली. पण पुढच्या आठवड्यात अध्यक्षांच्या घरून आत्याकडे कागदात गुंडाळलेला लोखंडी गज आला. आत्याने तो खिडकीच्या कडीला अडसर म्हणून लावला. माप बरोबर बसलं.

कंडक्टर कामाला लागली. पहिली म्हातारी समुद्राकाठच्या एका गावात लेकीकडे होती आणि तिला ऐकू येत नसे. कंडक्टरच्या मते त्याने काही बिघडत नव्हतं. बोलायचं तिने होतं, ऐकायचं हिने. पण म्हातारी बोलेचना. यंत्र समोर ठेवलं, लेकीने कानाशी ओरडून सांगितलं, म्हातारी दोन्ही हात पसरून म्हणाली, "मला आता काही आठवत नाही, बाई."

कंडक्टर रिकाम्या हाताने परत आली आणि आत्याला म्हणाली, "गेलं सगळं तिचं."

"तिच्या मांडीवर उशी होती का?"

"नाही. लेकीनं कधीच फेकून दिली ती."

"मग ती कशी बोलेल, गधडे? माझं तोंड बंद होतं तेव्हा हात चालले का? तसंच तिचं."

कंडक्टर दुसऱ्यांदा गेली ती आत्याची जुनी उशी घेऊन. बसमध्ये तिने उशी खिडकीशी बसवली आणि स्वतः कडेला बसली. म्हातारीने उशी मांडीवर घेतली, चाचपली, भुसा कमी आहे म्हणून नाक मुरडलं. काड्या उचलल्या. बराच वेळ नुसती बोटं चालली. मग ओठ हलले आणि मग आवाज आला, तोही बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज, अंगणापलीकडे जाणारा. माशाची मोजणी होती. आत्याला ती येत नव्हती. तिने मासा फक्त दुसऱ्यांच्या गळ्याशी पाहिला होता.

हिची टाचणी, तिची टाचणी,
सगळ्यांची हरवली टाचणी,
कुठं गेली, कुठं गेली,
आखूडनाकीच्या खिशात गेली!

कंडक्टरने यंत्र बंद केलं. मग लेकीला विचारायला सांगितलं की ही आखूडनाकी कोण.

"होती एक डेपोमागच्या गल्लीत," म्हातारी गरजली. "हात मोठा साफ, पण टाचणी दिसली की संपलं. आहे का अजून?"

आहे, अशी कंडक्टरने मान हलवली.

घरी आल्यावर तिने ते ड्रायव्हरला वाचून दाखवलं. ड्रायव्हर खूप वेळ हसला आणि मग त्याने सल्ला दिला, "ही गाळ. आत्याला या वयात कशाला? कोण बघतंय?"

"त्या बिचाऱ्या नातवानं शेठ ठेवला ना," कंडक्टर म्हणाली. "मग मी कोणत्या तोंडानं गाळू?" पण रात्रभर कूस बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आत्याकडे गेली. आत्या खिडकीशी बसली होती, छोटंसं नाक उशीला टेकवून. कंडक्टरने इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर यंत्र मध्ये ठेवलं आणि चालू केलं. समुद्राकाठची म्हातारी खोलीभर ओरडली.

आत्याने सगळं ऐकलं. तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"माझ्याच टाचण्या होत्या त्या," ती म्हणाली. "मीच आधी उसन्या दिलेल्या."

"आत्या, तू म्हणत असशील तर काढून टाकते."

"काढून टाकशील आणि मासा कसा व्हायचा?"

आत्याने हातातली किनार बाजूला सारली, पेटीतून माशाचा पुठ्ठा शोधून काढला आणि उशीवर बसवला. तो पुठ्ठा तिच्याकडे कसा आला हे कंडक्टरने विचारलं नाही. आत्याने काड्या जोडल्या, पाठ ताठ केली.

"लाव परत," ती म्हणाली. "आणि आखूडनाकीपाशी मला खूण कर. तिथं टाचणी आहे."